रहस्यकथेसाठी नोकरी सोडण्याचा सल्ला नको

संपादक महोदय,

लेखनाची आवड असलेल्या तरुणांसाठी आपल्या रविवार पुरवणीत आलेला सल्ला वाचला. पूर्ण वेळ दिल्याशिवाय कादंबरी हातून होत नाही, तेव्हा धाडस करून नोकरीला रामराम ठोकावा, असा त्याचा आशय होता. इतर साहित्यप्रकारांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. रहस्यकथेपुरता मात्र हा सल्ला चुकीचा आहे, असे मला मनापासून वाटते.

मी २६ वर्षे बँकेत नोकरी करते आणि त्यातली ११ वर्षे रहस्यकथा लिहिते आहे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचत मी वाढले, त्यामुळे पहिल्या कथेत मी वाडा, भुयार आणि मुखवटा घातलेला माणूस असे सगळे काही घातले. एका दिवाळी अंकाने ती साभार परत केली, आणि ते योग्यच होते, कारण त्यातले काहीही मी पाहिलेले नव्हते. दुसरी कथा मी लॉकरवर लिहिली. लॉकर एका किल्लीने उघडत नाही. बँकेची किल्ली आणि ग्राहकाची किल्ली अशा दोन्ही लागतात, प्रत्येक वेळी नोंदवहीत सही आणि वेळ पडते, आणि रोकड असलेल्या तिजोरीच्या किल्ल्या तर दोन अधिकाऱ्यांकडे वेगवेगळ्या असतात, म्हणजे ती एकट्याने कोणालाच उघडता येत नाही. एवढ्या बंदोबस्तातून काही नाहीसे झाले, तर कोणीतरी कोणाच्या तरी विश्वासाचा गैरफायदा घेतला असणार, आणि माझ्या दृष्टीने कथा तिथूनच सुरू होते.

सहीचेच घ्या. खरी सही वेगाने होते आणि शेवटचा फटकारा सहज सुटतो. नक्कल करणारा अक्षरांचे वळण हुबेहूब उतरवतो, पण त्याचा हात जपून चालत असल्यामुळे रेघ मध्येच थबकते आणि पेन नको तिथे उचललेले दिसते. एकदा निवृत्तिवेतन घ्यायला आलेल्या एका आजोबांची सही जुळेना, म्हणून मी त्यांच्याकडून कोऱ्या कागदावर तीन सह्या करून घेतल्या. हात थरथरत होता आणि तिन्ही सह्या एकमेकींपासून वेगळ्या निघाल्या. ओळख पटवण्याचे सोपस्कार पुढे रीतसर झालेच, पण माझी खात्री त्या वेगळेपणानेच पटली, कारण नक्कल करणाऱ्याने तिन्ही सारख्या काढण्याची धडपड केली असती. ही गोष्ट घरी बसून मला कधीही सुचली नसती.

पी. डी. जेम्स या इंग्लंडमधील लेखिकेचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. महायुद्धावरून परतलेल्या पतीचे मानसिक स्वास्थ्य ढासळलेले, पदरी दोन मुली, अशा स्थितीत त्यांनी १९४९ मध्ये रुग्णालय प्रशासनात नोकरी धरली. पहाटे उठून कामावर जाण्यापूर्वी लिहिलेली त्यांची पहिली कादंबरी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या चाळिशी ओलांडून गेल्या होत्या. पुढच्याच वर्षीची कादंबरी मनोविकारांच्या दवाखान्यात घडते आणि तिच्यात खून होतो तो तिथल्या प्रशासकीय अधिकारी महिलेचा. १९६८ पासून त्या ब्रिटनच्या गृहखात्यात होत्या, न्यायवैद्यक सेवेशी त्यांचा कामानिमित्त संबंध आला, आणि १९७७ ची त्यांची कादंबरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत घडली. १९७९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांच्या सात कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या होत्या. नोकरीने त्यांचा वेळ घेतला हे खरे, पण त्यांच्या कथांना जागा, माणसे आणि कामाच्या रीतीभाती पुरवल्या त्या नोकरीनेच. जपानचे केइगो हिगाशिनो यांनीही अभियंत्याची नोकरी सोडली ती १९८५ मध्ये पुरस्कार मिळाल्यानंतर, आधी नव्हे. आपल्याकडे गूढकथा लिहिणारे रत्नाकर मतकरी १९७८ पर्यंत बँक ऑफ इंडियात होते, याचा माझ्यासारखीला विशेष आधार वाटतो.

वेळ कमी पडतो, हे मी नाकारत नाही. पहाटे पाच ते साडेसहा एवढाच वेळ माझा असतो आणि मार्चअखेरीस तोही नसतो. एक कादंबरी चार वर्षे चालू आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि माझ्या कादंबरीतला खून त्यानंतरचा असल्याने कलम ३०२ च्या जागी १०३ आले. तेवढ्याने भागले नाही. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे आणि झडती-जप्तीचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत असल्यामुळे माझा संपूर्ण पंचनामा पुन्हा लिहावा लागला. पण महिन्याचा पगार येत असल्यामुळेच ती दोन प्रकरणे फाडून टाकणे मला परवडले. कादंबरीवर घर चालत असते, तर मी ती तशीच छापायला दिली असती.

नोकरी करत लिहिणाऱ्याने दोन पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. पहिली कथा छापण्यापूर्वी मी बँकेची लेखी परवानगी घेतली. प्रत्येक आस्थापनेचे नियम निराळे असतात आणि ते आधी वाचलेले बरे. दुसरे म्हणजे ग्राहकाचे नाव, रक्कम किंवा घरचे प्रकरण कथेत येता कामा नये. आजोबांचा उल्लेखही मी येथे गाव आणि साल वगळूनच केला आहे.

आपल्या पुरवणीत हा विषय पुढे चालू राहणार असेल, तर पोलीस ठाण्यातील कारकून, औषधविक्रेते, परिचारिका, तलाठी अशा नोकरी-व्यवसाय सांभाळून लिहिणाऱ्यांचेही अनुभव मागवावेत, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक बँक कर्मचारी, सांगली