दांडिया बाजारातल्या काकूंना

काकू, सा. न. वि. वि.

"माझं नाव कुठे घालू नकोस," म्हणालात, म्हणून घालत नाही. पण त्या दिवशी तुमच्या ओट्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, तो इथे सगळ्यांदेखत लिहितो.

माझे तात्या, म्हणजे चुलते, नाथपंथी डवरी गोसावी. भगवी कफनी, खांद्याला झोळी, हातात डौर, म्हणजे डमरूसारखं वाद्य. सुगी आटोपली की फिरस्ती. मी बडोद्यात नोकरीला, म्हणून यंदा ते इकडे आले. दांडिया बाजारात मराठी घरं आहेत, डौर ओळखणारं कुणीतरी भेटेल, एवढाच त्यांचा हिशेब. एका बाईने स्वतःहून सांगितलं, लेकराला अंगारा लावा. तात्या वाकले आणि समोरून कुणीतरी ओरडलं, "छोकरां पकडवावाळो छे!" तात्यांनी आधारकार्ड काढलं, ते कुणी वाचलंही नाही. अंगारा मागणारी बाई दार लावून आत गेली. तिला बोल लावायला हवा, पण माझा खरा राग दुसऱ्यांवर आहे. मुलं पळवणाऱ्या टोळीची ती जुनी क्लिप आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली, तेव्हा मी सेक्रेटरींना म्हणालो होतो, ही खोटी आहे, काढून टाका. "राहू दे, लोक सावध राहतील," असं उत्तर मिळालं.

आमच्या घरात राईनपाड्याचं नाव मोठ्याने घेत नाहीत. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा रविवार. आमच्याच समाजाच्या पाच जणांतला एक जण एका मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठार मारलं. त्याच्या थोडे दिवस आधी अहमदाबादेत, वाडजला, भिक्षा मागणाऱ्या एका बाईला याच अफवेपायी जमावाने ठार केलं होतं. मारणाऱ्यांतला एकही सकाळी खून करायचा म्हणून घरातून निघाला नसेल. गर्दीत ज्याला त्याला वाटतं, आपण तर एकच थप्पड मारली. अशा एकेक थपडांनी माणूस मरतो, आणि मग विचारलं तर मारलेलं कुणीच नसतं. आणि सापडतो तो फिरस्ताच, कारण त्याच्या बाजूने बोलणारं शेजारीपाजारी कुणी नसतं. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण कफनी दिसली की मुलाला आत ओढायची सवय काही गेली नाही. आता भारतीय न्याय संहितेत अशा झुंडबळीला फाशी किंवा जन्मठेप आहे. ती संहिता लागू झाली तीही १ जुलैलाच, २०२४ च्या.

पण कलमं नंतर येतात, काकू. आधी तुम्ही आलात. तात्या सांगतात, त्यांची कफनी तिघा-चौघांच्या मुठीत होती. तुम्ही हात जोडले नाहीत, की पोलिसांचा धाक घातला नाही. एका पोराला म्हणालात, "तुझी आई अजून माझ्याकडून चकलीची भाजणी नेते. सांगू तिला, तू इथे काय करतोयस?" मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, घरच्या नावाने. नावाने हाक मारल्यावर त्यांच्या मुठी सुटल्या.

मी धावत पोचलो तेव्हा तात्या तुमच्या ओट्यावर बसले होते आणि तुम्ही रस्त्यात उकिडव्या. झोळी फाटून गहू सांडला होता. तो तुम्ही सुपात भरत होतात. गुडघे धरलेले, मध्येच जमिनीला हात टेकत होतात. मी म्हटलं, राहू द्या. तुम्ही वरही पाहिलं नाहीत. गहू पाखडलात, खडे वेचलेत, फाटक्या झोळीला सुईदोरा घातलात आणि मग ती त्यांच्या मांडीवर ठेवलीत. व्हिडिओ काढणारे अजून उभे होते, पण म्हातारी खडे वेचतेय हे कोण किती वेळ बघणार! एकेक करून पांगले. तात्यांना मार आठवत नाही म्हणतात. गहू आठवतो. दारात वाढलेलं दान पायदळी गेलं, हे त्यांना मारापेक्षा जास्त लागलं होतं. ते तुम्हाला कसं कळलं, देव जाणे.

याच बडोद्यात १९१७ साली बाबासाहेबांना काठ्या घेतलेल्या जमावाने पारशी विश्रामगृहातून बाहेर काढलं. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही तो टाळला. मग रात्रीच्या गाडीपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. मला त्या काठीवाल्यांपेक्षा हे सभ्य मित्र जास्त छळतात. नाही म्हणणारा प्रत्येक जण घरातल्या कुणाचं तरी कारण सांगतो. तुमच्याही घरात सून होती, नातू होता, तरी दार उघडंच राहिलं.

तात्या पुढच्या सुगीनंतर येतो म्हणतात. मी नको म्हणतोय, ते ऐकत नाहीत. एक काम मात्र करा. आमचे सेक्रेटरी तुमच्या ओळखीतले निघाले. ती क्लिप ग्रुपवर अजून आहे. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.

आपला,
तात्यांचा पुतण्या