रांजण कोणाच्या घरात राहिले?

मा. संपादक,
स. न.

युद्धगुन्हेगारांच्या मुलांविषयी आपण रविवारच्या पुरवणीत छापलेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाने वाल्या कोळ्याच्या गोष्टीचा आधार घेतला आहे. बायकामुलांनी ‘तुमच्या पापात आम्ही वाटेकरी नाही’ असे सांगितले, त्याच न्यायाने बापाने केलेल्या हत्याकांडाचा दोष मुलावर येत नाही. मात्र मुलाने बापाचा उघड धिक्कार केला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसऱ्या भागाविषयी लिहावेसे वाटले, कारण बायकामुलांनी ते उत्तर दिले तेव्हाही खड्यांनी भरलेले रांजण जागच्या जागीच होते, आणि लेखात त्यांचा विचार कुठेही आलेला नाही.

धिक्काराचा आदर्श म्हणून लेखकाने निक्लास फ्रांक यांचे उदाहरण दिले आहे. नाझींनी व्यापलेल्या पोलंडचा गव्हर्नर-जनरल हान्स फ्रांक ऑक्टोबर 1946 मध्ये न्यूरेंबर्ग येथे फासावर गेला, तेव्हा निक्लास सात वर्षांचे होते. पुढे त्यांनी बापाच्या मृतदेहाचे छायाचित्र वर्षानुवर्षे पाकिटात बाळगले आणि बापाविषयी इतक्या कठोर शब्दांत लिहिले की जर्मनीतले अनेक वाचक हादरले. (या पत्रात मुलांना ‘ते’ किंवा ‘त्या’ आणि बापांना ‘तो’ म्हटले आहे, ते जाणूनबुजून.) त्यांच्या धैर्याविषयी मला आदर आहे. परंतु एकाच घरात वाढलेल्या त्या पाच भावंडांनाही हे ओझे एकाच रीतीने पेलता आले नाही. मग ज्या माणसाने आपल्याला कडेवर घेतले त्याचा द्वेष करा, अशी अट आपण बाहेरच्यांनी सगळ्यांवर कोणत्या अधिकाराने घालायची?

शिवाय द्वेष किंवा प्रेम यावरून मूल पुढे कसे वागेल हे ठरतच नाही. होर्स्ट वेख्टर यांचेच पाहा. त्यांचा बाप ओटो वेख्टर हा व्याप्त पोलंडमधल्या क्राकूव्हचा आणि नंतर गॅलिशिया प्रांताचा नाझी गव्हर्नर. 1941 मध्ये क्राकूव्हच्या ज्यूंना वेगळ्या वस्तीत कोंडण्याचा हुकूम त्याच्याच सहीने निघाला. युद्धानंतर तो लपून राहिला आणि खटल्याला सामोरा न जाताच 1949 मध्ये रोममध्ये मेला. ‘माझे वडील मुळात सज्जन होते’ हा हेका होर्स्ट यांनी म्हातारपणीही सोडला नाही, आणि वाचणाऱ्याला त्याचा संताप यावा हे स्वाभाविकच आहे. पण याच माणसाने आईवडिलांची पत्रे आणि रोजनिश्या अभ्यासकांसमोर ठेवल्या, त्या वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयापर्यंत पोहोचू दिल्या, आणि आईने क्राकूव्हहून उचलून आणलेल्या काही कलावस्तू 2017 मध्ये पोलंडला परत केल्या. स्वतःला न पटणाऱ्या निष्कर्षाचे पुरावे त्यांनी आपल्याच हाताने बाहेर काढून दिले. धिक्काराच्या परीक्षेत ते नापासच होतील. रांजणाचे झाकण मात्र त्यांनी उघडले.

मालमत्तेच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. हिटलरचा निकटचा सहकारी हेर्मान गोरिंग याची मुलगी एड्डा यांच्या बारशाला कोलोन शहराने जुना जर्मन चित्रकार क्रानाख याचे एक मौल्यवान चित्र भेट दिले होते. युद्धानंतर शहराने ते परत मागितले, तेव्हा ते आपल्याकडेच राहावे म्हणून वर्षानुवर्षे न्यायालयात लढा चालला आणि अखेर निकाल त्यांच्या विरोधात गेला. याउलट, लाखो वेठबिगारांच्या श्रमांवर शस्त्रनिर्मिती चालवणारा मंत्री आल्बर्ट श्पेअर याची मुलगी हिल्डे श्राम. बापाकडून आलेली चित्रे त्यांनी विकली आणि त्या पैशातून 1994 मध्ये जर्मनीतील ज्यू स्त्रियांच्या कला व संशोधनकार्याला साहाय्य करणारी संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. संस्थेच्या जर्मन नावाचा अर्थच ‘परत देणे’ असा आहे. बापावरची माया आटली की नाही, हे त्यांना कोणी विचारण्याची गरज उरत नाही.

मूल स्वतः दोषी कुठून होऊ लागते, हा प्रश्न लेखात टाळला आहे. एसएस या नाझी निमलष्करी दलाचा प्रमुख हाइनरिख हिमलर याची मुलगी गुडरुन बापाला निर्दोष मानत राहिल्या, इथपर्यंत तो त्यांचा खासगी प्रश्न होता. परंतु माजी एसएस सैनिकांना पैशाची आणि वकिलांची मदत पुरवणाऱ्या संघटनेत त्यांनी अनेक वर्षे काम केले, ते कृत्य त्यांचे स्वतःचे. रोल्फ मेंगेले यांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यांचा बाप योझेफ मेंगेले हा आउश्वित्स छळछावणीत कैद्यांवर प्रयोग करणारा डॉक्टर. ते 1977 मध्ये ब्राझीलमध्ये लपलेल्या बापाला भेटून आले, त्याला आउश्वित्सविषयी विचारले, पश्चात्तापाचा शब्दही न ऐकता परतले आणि गप्प राहिले. 1979 मध्ये योझेफ मेंगेले समुद्रात बुडून मेला आणि खोट्या नावाने पुरला गेला, तरी 1985 पर्यंत कुटुंबाने तोंड उघडले नाही. बापाला पकडून देणे मुलाला जमले नाही, हे मी समजू शकतो. पण मेल्यानंतरची ती सहा वर्षे? त्याच्या प्रयोगांतून वाचलेली माणसे तेवढा काळ तो अजून कुठेतरी जिवंत आहे या धास्तीत राहिली, आणि त्या मौनाने तेव्हा कोणाचाच जीव वाचत नव्हता.

इस्रायली मानसशास्त्रज्ञ दान बार-ओन यांनी अशा मुलांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांना ‘दुहेरी भिंत’ आढळली. एक भिंत बापाने आपल्या कृत्यांभोवती बांधलेली, दुसरी मुलाने स्वतःच्या बचावासाठी. एकाने आपल्या भिंतीला खिडकी पाडली तरी समोर दुसऱ्याची भिंतच येते. घरोघरची शांतता त्यामुळे कशी टिकते हे मला इतके नेमके दुसरीकडे वाचायला मिळालेले नाही.

शेवटी एक विनंती. लेख केवळ जर्मनीपुरता राहिला आहे. अर्जेंटिनात लष्करी राजवटीतल्या गुन्हेगारांच्या मुलांनी, त्यातही मुख्यतः मुलींनी, 2017 मध्ये ‘अवज्ञेच्या कहाण्या’ अशा अर्थाच्या नावाने संघटना काढली. तेथील तेव्हाच्या फौजदारी प्रक्रियेत मुलांना बापाविरुद्ध साक्ष द्यायला मनाई होती. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांपुरती ती उठवावी म्हणून त्यांनी त्याच वर्षी संसदेकडे मसुदा दिला. धिक्कार करा असे सांगणारे पुष्कळ असतात, पण या मुली बोलायला तयार असताना कायदाच त्यांना गप्प बसवत होता. पुढच्या एखाद्या पुरवणीत त्यांच्याविषयी सविस्तर वाचायला मिळावे.

आपला,
एक नियमित वाचक