बीपीची गोळी पोराला कशाला?

लीड्स, रविवार

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

आईला साष्टांग नमस्कार सांग आणि हे पत्र तिला वाचून दाखव. निम्मं तिच्यासाठीच आहे.

आपल्या सोन्याला एडीएचडीसाठी (लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही, तो त्रास) डॉक्टरांनी दिलेली क्लोनिडिन बघून दुकानदार म्हणाला, 'ही तर बीपीची गोळी, एवढ्याशा पोराला कशाला?' आणि आईनं स्ट्रिप कपाटात टाकली. हे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. त्याच दिवशी तू धारवाडच्या डॉक्टरांना फोन केलास ते बरं झालं. आता कारण नीट समजून घे.

दुकानदार खोटं बोलला नाही. क्लोनिडिन मूळची रक्तदाबाचीच. त्याही आधी, १९६० च्या दशकात, ती चोंदलेल्या नाकासाठी करून पाहत होते. तिनं रक्तदाब उतरतो आणि गुंगी येते हे तेव्हा ध्यानात आलं. पुढं कळलं की कपाळामागच्या मेंदूत, जिथं लक्ष धरून ठेवायचं आणि हात आवरायचं काम चालतं, तिथंही ती मदत करते. तिच्याच जातीची ग्वानफॅसिन. अमेरिकेत २००९ मध्ये ग्वानफॅसिनची आणि २०१० मध्ये क्लोनिडिनची सावकाश विरघळणारी गोळी ६ ते १७ वर्षांच्या मुलांना एडीएचडीसाठी मंजूर झाली. इथं इंग्लंडात ग्वानफॅसिन मी स्वतः फार्मसीतून मुलांना देते.

आई म्हणते पोरगं द्वाड आहे. तसं नाही गं आई. मी मे महिन्यात खानापूरला आले होते तेव्हा बघत होते ना. कन्नडच्या वहीत दोन ओळी झाल्या की पेन्सिल टाकून दारात, का तर बसचा हॉर्न वाजला. परत बसवलं तर खोडरबर कुरतडत बसला. तोंडी विचारलं तर अख्खा धडा सांगितला! त्याला येतं सगळं, टिकत नाही. एडीएचडीच्याच आधीच्या गोळीनं, मिथाइलफेनिडेटनं, त्याची भूक मेली, रात्रीची झोप उडाली, म्हणून डॉक्टरांनी ही गोळी दिली. फरक दिसायला काही आठवडे जातात. चार दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणू नका.

आणि आईची बीपीची गोळी सोन्याला कधीही द्यायची नाही. तिची अम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते, लक्षाशी तिचा संबंध नाही. बीपीच्या सगळ्या गोळ्या एक नव्हेत. दोघांचे डबे वेगळ्या फळीवर ठेव.

सगळ्यात मोठी गोष्ट ही: गोळी एकदम थांबवायची नाही. रोज घेतलेली क्लोनिडिन अचानक तुटली तर रक्तदाब उसळी मारून वर जातो, छाती धडधडते, डोकं दुखतं, पोर घाबरंघुबरं होतं. बंद करायचीच असेल तर डॉक्टर हळूहळू उतरवतात. उलट्या लागून गोळी पोटात राहत नसेल तरी त्यांना लगेच कळव. पावसाळ्यात तुमच्याकडं रस्ते अडतात, तेव्हा स्ट्रिप संपायच्या आधीच दुसरी आणून ठेव.

सुरुवातीला झोपाळेल, तोंड कोरडं पडेल. पण उठताना भोवंड आली, चक्कर येऊन पडला किंवा नाडी फार मंद वाटली तर थांबू नकोस, दवाखाना गाठ. प्रत्येक भेटीत बीपी आणि नाडी बघायला सांग, आकडे वहीत लिहून मला पाठव.

शाळेतल्या बाईंनाही गोळीचं सांग. पहिल्या बाकावर बसवा म्हणावं, आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायला थोडा वेळ जास्त द्या.

तुझी,
आक्का