हेसेस भरताना स्तंभ ३ पुन्हा तपासा

इंग्लंडमधल्या विद्यापीठांत हेसेसचे (HESES, विद्यार्थीसंख्येची वार्षिक सरकारी आकडेवारी) काम पाहणाऱ्या सदस्यांसाठी.

स्तंभ १ मध्ये १ डिसेंबरपर्यंतची अभ्यासवर्षे (एका विद्यार्थ्याचे एक वर्षाचे शिक्षण म्हणजे एक), २ मध्ये त्यानंतर ३१ जुलैपर्यंतच्यांचा अंदाज, ३ मध्ये या दोन्हींपैकी अपूर्ण राहणाऱ्यांचा अंदाज. स्तंभ ४ म्हणजे १ + २ − ३.

घोळ हमखास तिसऱ्यात होतो. नापास म्हणजे अपूर्ण नव्हे! पेपर देऊन नापास झालेल्याचे वर्ष पूर्णच. उलट सहापैकी पाच मॉड्यूल उत्तम गुणांनी पार केली, पण सहाव्याची अंतिम परीक्षा वर्ष सुरू झाल्यापासून १३ महिन्यांत दिलीच नाही, तर वर्ष अपूर्ण. (परीक्षेविनाच ते उत्तीर्ण ठरवले असेल तर गोष्ट वेगळी.) म्हणून निकालपत्रक नको, परीक्षेची हजेरी काढा.

तिसऱ्या स्तंभाच्या अंदाजाला मागच्या वर्षी अपूर्ण राहिलेल्यांचे प्रत्यक्ष प्रमाण घ्या. शून्य लिहिलेत तर खुलासा द्यावा लागेल.