त्या बाटलीबद्दल

आई, बाबा,

परवा फोनवर आईने परत तोच विषय काढला, की डायबेटिसच्या माणसाला साखरेचं सलाईन लावलं आणि मी नुसती बघत बसले. फोनवर मला नीट सांगता येत नाही, मधेच रडू येतं, म्हणून लिहितेय.

आई, ती बाटली मॅनिटॉलची होती. शेजारच्या बेडच्या बाईंनी साखर म्हटलं ते अगदीच खोटं नाही, साखरेच्याच नात्यातलं आहे ते. आळंबीत असतं, समुद्री शेवाळात असतं, इटलीत सिसिलीला तर एका झाडाच्या सालीला चिरा पाडून जो रस वाळवतात, आपल्या डिंकासारखा, त्यात भरपूर असतं. पण शरीर ते ग्लुकोजसारखं वापरतच नाही गं. शिरेतून दिलं की रक्तातच राहतं, सुजलेल्या मेंदूतलं पाणी रक्तात ओढतं आणि मग किडनीतून बाहेर पडताना ते पाणी सोबत घेऊन जातं. म्हणून तर बाबांची लघवीची पिशवी सारखी भरत होती आणि तू घाबरून सिस्टरला हाका मारत होतीस. तेव्हाच सांगायला हवं होतं मी, पिशवी भरतेय म्हणजे औषध काम करतंय.

आणि ते खडे. तू बाटली ट्यूबलाइटसमोर धरलीस आणि तळाशी काचेच्या चुऱ्यासारखं दिसलं, तुझा हात थरथरत होता, अजून डोळ्यासमोर आहे. माल खराब नव्हता आई. १०० एमएलमध्ये २० ग्रॅम, एवढं दाट असल्यावर थंडीत खडे धरतातच. सिस्टरने गरम पाण्यात ठेवून सगळे विरघळवले, निवू दिलं, फिल्टरवाला सेट लावला, आम्हीही वॉर्डात असंच करतो.

बाबा, आता तुम्हाला. औषध साधं नव्हतं, सोडियम-पोटॅशियम बिघडू शकतं, किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून तिथे रोज रक्त घेत होते. त्यात तुमची शुगर जुनी. तेव्हा "मी ठणठणीत आहे" म्हणून क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी नीट चालतेय का बघायची, टेस्ट टाळू नका, दोनदा टाळलीत तुम्ही.

आई, सही तू केलीस म्हणून रात्री झोप लागत नाही म्हणालीस ना, तुझ्या जागी मी असते तरी तिथेच सही केली असती, एक मिनिट न थांबता.

शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय. बाबांना उपाशीपोटी ठेव, लॅबमध्ये मीच घेऊन जाते. डिस्चार्जची फाईल कपाटावरच्या पिवळ्या पिशवीत आहे, तेवढी काढून ठेव.

तुमची,
ताई