चांपानेरला एक गोल वाट आखा की!

मा. संपादक,

पावागडच्या गर्दीच्या बातम्या तुमच्या पेपरात येतात त्या वाचून हे लिहितोय. आपली बडोद्याची माणसं पावागडला जातात म्हणजे करतात काय, माचीला पोचायचं, रोपवेच्या लाइनीत उभं राहायचं, कालिकामातेचं दर्शन घेऊन खाली उतरायचं, नाश्ता केला की घरी. आणि पायथ्याशी अख्खं चांपानेर, गुजरातच्या सुलतानाची जुनी राजधानी, पडलंय तिकडे कोणी ढुंकून बघत नाही, फार तर जामी मशिदीसमोर एक सेल्फी.

मध्यंतरी मुलीकडे म्युनिकला होतो. तिथून नैऋत्येला, आल्प्सचे खरे डोंगर सुरू व्हायच्या आधी हिरवी टेकाडं लागतात, त्यात श्टाइनगाडेन नावाचं गाव आहे, ११४७ सालचा मठ असलेलं. तिथून शेतं, जंगल करत वीसकिर्शे नावाच्या चर्चला जायचं आणि दुसऱ्या वाटेने परत गावात, म्हणजे गेलेला रस्ता पुन्हा तुडवायचा नाही, पोरं कंटाळत नाहीत. मधे दलदलीचा पट्टा आहे, तिथली जमीन स्पंजसारखी असते आणि पाय पडले की शेवाळ मरतं म्हणून लाकडी फळ्या टाकल्यात, त्या फळ्यांवरून चालताना आमच्या सहा वर्षांच्या नातीने एकदाही "किती राहिलं" विचारलं नाही! फाट्याफाट्याला पाटी, त्यामुळे मोबाइल खिशातच. चर्चपाशी वीसक्यूखले म्हणून तळलेलं गोड मिळतं, मधे पातळ, कडेला जाड, वरून साखर. आमच्या हिने दोन खाल्ली.

चर्चची गोष्ट पण मजेदार आहे. मठातल्या साधूंनी १७३० मधे मिरवणुकीसाठी साखळदंडात जखडलेल्या येशूची लाकडी मूर्ती केली, पण ती लोकांना बघवेना म्हणून माळ्यावर गेली. मग १७३८ मधे एका शेतकरणीला तिच्या डोळ्यात पाणी दिसलं आणि यात्रेकरूंची अशी रीघ लागली की छोटं देऊळ पुरेना, म्हणून १७४५ ते ५४ मधे झिमरमन बंधूंनी कुरणाच्या मधोमध हे चर्च उभं केलं. बाहेरून साधंच, आत गेलं की तोंड उघडं राहतं. १९८३ मधे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आपलं अजिंठा-वेरूळही त्याच वर्षी गेलं.

आता चांपानेर घ्या. २००४ पासून तेही युनेस्कोच्या यादीत आहे. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने १४८४ मधे पावागड जिंकून इथे राजधानी वसवली, १५३५ मधे हुमायून आला आणि शहराची रया गेली ती गेलीच. पुढे गड शिंद्यांकडे होता, १८०३ मधे इंग्रजांनी घेतला, म्हणजे आपल्या मराठी घरातल्या पोरांनाही सांगण्यासारखं खूप आहे. ‘शहर की मशीद’, जामी, केवडा, नगिना या मशिदी, बडा तलावाकाठचा कबुतरखाना, सगळं पायी फिरण्यासारखं, चढ नाही, आजीआजोबाही येतील. पण केवडा मशिदीकडून नगिनाकडे कुठून जायचं ते आम्हाला शेळ्या चारणाऱ्या पोराला विचारावं लागलं, आणि त्याने अगदी बरोबर सांगितलं हे वेगळं.

खर्च फार नाही हो. दगडावर रंगाचे बाण, फाट्यावर पाटी, त्यावर किलोमीटरबरोबर पोरं घेऊन किती वेळ लागेल तेही लिहायचं. पण वाट गोलच हवी, निघालो तिथेच परत, नाहीतर गाडी एकीकडे आणि माणसं दुसरीकडे. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियाच्या १९४६ च्या घटनेतच रानात हिंडायचा नि रानमेवा तोडायचा हक्क सगळ्यांना दिलाय, तेवढं आपण नाही मागत.

सयाजीराव महाराज अमेरिकेतल्या लायब्रऱ्या बघून आले आणि १९१० मधे तिथले ग्रंथपाल बॉर्डनसाहेब यांना बडोद्याला घेऊन आले, बाहेरचं चांगलं उचलायला या गावाला कधी लाज वाटली नाही. तर संबंधित खात्याने डिसेंबरच्या आत निदान एक वाट आखावी, उन्हाळ्यात तिथे कोणी चालणार नाही. तोवर शाळांनी सहली न्याव्यात, आमचा सीनियर सिटिझन ग्रुप मुलांबरोबर चालायला तयार आहे. आणि खाण्याच्या गाड्या लावायच्याच तर वाटेच्या सुरुवातीला लावा, वावेजवळ, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीजवळ, नको, तिथे आत्ताच पाण्याच्या बाटल्या पडलेल्या असतात.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे