आधी खाऊन घे

गोराई,
उपवासकाळाचा दुसरा आठवडा

प्रिय बाबू,

फोनवर तू "हो ममा, बरं ममा" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. पत्र मध्येच कट करता येत नाही.

तुझ्या रूममेटचा फोन आला होता. त्याच्यावर चिडू नकोस, नंबर मीच देऊन ठेवलाय. शुगर 52 आणि तू बाथरूमच्या दारात बसलेला. काय झालं विचारलं तर म्हणतो, "आंटी, तो लेंट करतोय, ईस्टरपर्यंतचे उपास."

मी रागावलेली नाही. आधी तर अभिमानच वाटला, हे खरं म्हणजे तुला सांगायला नको. कॉलेजात असताना नाताळच्या मिस्सालासुद्धा तुला ओढून न्यावं लागायचं. आणि आता पहाटे उठून बायबल वाचतोस, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळावरची राख न पुसता ऑफिसात जातोस. "ममा, पहिल्यांदाच वाटतंय की मी कशासाठी तरी जगतोय," असं म्हणालास तेव्हा तव्यावरचे बोंबील करपले. पप्पा असते तर... असू दे.

पण खाऊन घे रे.

चर्चचा उपवासाचा नियम 18 ते 59 वयाच्या धडधाकट माणसांना. तोही दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशीही एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंथोडं चालतं. आजाऱ्याला सूटच असते. रविवारी तर उपवास नसतोच. राखेच्या बुधवारपासून रविवार वगळून 40 दिवस होतात, नाहीतर ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 भरतात. तू मात्र रोज रात्रीपर्यंत पाण्यावर, आणि इन्सुलिन अंदाजाने. असं कुठल्या फादरनी सांगितलं?

रानात 40 दिवस उपाशी राहिलेल्या येशूला सैतानाने तीनदा गाठलं. दगडाच्या भाकरी करण्याचं सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला भीती वाटते ती मंदिराच्या उंच कठड्याची. उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असं सैतान म्हणतो, आणि तेही 91व्या स्तोत्राचा आधार देऊन! येशूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नये, म्हणाला. इन्सुलिन टोचून उपाशी राहायचं आणि देव सांभाळेल म्हणायचं, हा तोच कठडा आहे बाबू. भुकेचा मोह पोटाला कळतो. भक्तीच्या वेषात आलेला कळत नाही.

झालं माझं प्रवचन सुरू. माफ कर. तू मोठा झालास, माझ्यापेक्षा जास्त वाचतोस.

तुला आजार निघाला त्याच वर्षी तुझा पहिला परमप्रसाद होता. त्या पवित्र भाकरीच्या रांगेत मागे वळून मोठ्याने विचारलंस, "ममा, ह्याच्यात शुगर किती?" फादरसुद्धा हसले. मला हसू आलं नाही. आजी तेव्हा सबंध उपवासकाळ मटणाला हात लावायची नाही, पण तुझ्या डब्यात रोज उकडलेलं अंडं. कोणी बोललं तर म्हणायची, "पोराचा उपास मी धरलाय." आणि पप्पा! गावातल्या अर्ध्या पुरुषांसारखी त्यांचीही 40 दिवस दारू बंद आणि ईस्टरच्या दुपारी व्याजासकट वसुली. त्या वर्षी ईस्टर आला, बाटली टेबलावर आली, आणि त्यांनी ती उघडलीच नाही. का, ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढे दर वर्षी लूकच्या शुभवर्तमानात एका ओळीवर बोट ठेवायचे: सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. "कायमचा नाही गेला," एवढंच म्हणायचे.

तुला सोडायचंच असेल काही, तर रात्रीचा मोबाईल सोड. नाहीतर बाहेरून मागवतोस त्या जेवणाचे पैसे बाजूला काढ. भुकेल्याला आपली भाकर वाटणं हाच मला आवडणारा उपवास, असं यशयाच्या 58व्या अध्यायात देवच म्हणतो. वाटायची असेल तर आधी ताटात भाकर हवी ना? पुन्हा तेच बोलले मी.

गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेला ये. येशूच्या दुःखाची 14 स्थानं उन्हातून चालायची आहेत. जेट्टीवर शुगर मोज. 70च्या खाली असली तर तीन चमचे ग्लुकोज, 15 मिनिटं थांब, पुन्हा मोज, आणि मगच बोटीत पाय ठेव. उशीर झाला तर नवव्या स्थानापाशी आम्हाला गाठ.

तुझी,
ममा

ता. क. मीटरच्या पट्ट्या संपल्या असतील तर सांग. नाही सांगितलंस तरी रूममेटला विचारणारच आहे.